थीम पार्कमधील ज्येष्ठ आवाज-कलाकाराची मुलाखत: प्रश्न कसे तयार करावेत?

स्वरवेध (जुळे सोलापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. मी आणि माझी मैत्रीण सोलापुरातून एक मराठी श्राव्यमालिका चालवतो. ज्यांचा आवाज असंख्य लोकांच्या कानांवर पडलेला असतो, पण चेहरा सहसा कोणाला ठाऊक नसतो, अशा माणसांशी आम्ही बोलतो. गेल्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर आकाशपाळण्याजवळ ध्वनिक्षेपकावरून दिवसभर पुकारा करणाऱ्या एका गृहस्थांची मुलाखत घेतली आणि तेथूनच हा विषय पुढे सरकला. आता कॅलिफोर्नियातील एका ज्येष्ठ कलाकारांनी डिसेंबरमध्ये आम्हाला एक तास देण्याचे मान्य केले आहे. तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी थीम पार्कमधील राइडसाठी निवेदने, पात्रांचे संवाद आणि सुरक्षिततेच्या सूचना ध्वनिमुद्रित केल्या आहेत. मुलाखत प्रसिद्ध होईपर्यंत नाव जाहीर करायचे नाही असे ठरले आहे, म्हणून ते येथे देत नाही. संभाषण इंग्रजीत होईल आणि नंतर आम्ही त्याचे मराठी रूपांतर ध्वनिमुद्रित करू.

गेले दोन महिने मी या क्षेत्राचा इतिहास वाचत आहे. डिस्नेलँड 17 जुलै 1955 रोजी सुरू झाले. 1963 मध्ये तेथे ‘एन्चांटेड टिकी रूम’ उघडली आणि यांत्रिक पक्षी प्रेक्षकांसमोर बोलू-गाऊ लागले. 1967 मध्ये ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ आणि 9 ऑगस्ट 1969 रोजी ‘हाँटेड मॅन्शन’ ही आकर्षणे सुरू झाली. या दोन्हींमध्ये पॉल फ्रीस यांचा आवाज आहे. ते 1986 मध्ये वारले, तरी त्या हवेलीचा अदृश्य यजमान आजही त्यांच्याच आवाजात पाहुण्यांचे स्वागत करतो. मला या सगळ्याचे मनापासून अप्रूप वाटते आणि मुलाखत त्या अप्रूपाला साजेशी व्हावी अशी इच्छा आहे.

अडचण अशी, की मी 42 प्रश्न लिहिले आणि काल रात्री सलग वाचले, तेव्हा त्यांतील तीसेक प्रश्न कोणत्याही नटाला विचारता येतील असे लक्षात आले. ‘या क्षेत्रात कसे आलात’, ‘आवडती भूमिका कोणती’, ‘नवोदितांना काय सांगाल’ याच वळणाचे ते आहेत. त्यातल्या त्यात बरा वाटणारा सतरावा प्रश्न असा आहे: ‘हाँटेड मॅन्शनमधील गाणाऱ्या दगडी अर्धपुतळ्यांपैकी जो तुटलेला आहे, तो वॉल्ट डिस्ने यांचा असल्याचे पाहून आपल्याला काय वाटते?’ केवळ याच कलाकाराला विचारता येतील असे प्रश्न कसे शोधावेत? दिवंगत सहकाऱ्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करण्याच्या कामाविषयी विचारणे अनुचित ठरेल का? आणि श्रोत्यांसाठी एखाद्या पात्राचा आवाज काढून दाखवण्याची विनंती करावी का?

निवृत्त_उद्घोषक (सोलापूर)

आपला प्रश्न वाचून आनंद झाला. मी आकाशवाणीवर अनेक वर्षे उद्घोषक म्हणून काम केले. निवृत्तीनंतर माझ्याही तीन-चार मुलाखती झाल्या आणि प्रत्येकीत मला ‘आवाजाची देणगी’ कशी लाभली हेच विचारले गेले. पहाटेच्या प्रसारण-सभेत पहिले वाक्य उच्चारण्यापूर्वी मी काय करीत असे, हे मात्र कोणीच विचारले नाही, आणि सांगण्यासारखे माझ्यापाशी तेवढेच होते.

म्हणून माझी सूचना अशी, की त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीऐवजी एखाद्या वाक्यापासून सुरुवात करा. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेली एखादी साधी सूचना निवडा, शक्य असल्यास चमत्कृतीची नव्हे तर कामाची, आणि त्या वाक्याविषयी सलग पाच-सहा प्रश्न विचारा. ते वाक्य कागदावर कसे आले होते, किती वेळा बोलावे लागले, कोणत्या शब्दावर दिग्दर्शक अडून बसला, श्वास कोठे घेतला. डिस्नेलँडच्या माटरहॉर्न राइडवरील, बसून राहा असे इंग्रजीत आणि लगेच स्पॅनिशमध्ये सांगणारी निवेदक जॅक वॅग्नर यांची सूचना याचे उत्तम उदाहरण आहे. वॅग्नर 1995 मध्ये वारले, पण त्या पार्कमध्ये नियमित जाणाऱ्या लोकांना ती दोन वाक्ये पाठ असतात. आपल्या सोलापूर स्थानकावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी घोषणा एकामागून एक ऐकत वाढलेल्या माणसाला यातील मर्म सांगावे लागणार नाही. भाषा बदलली तरी माणूस तोच राहिला पाहिजे, आणि तो कसा राखायचा हा खरा प्रश्न आहे.

दुसरी जागा मला फार मोलाची वाटते. राइड मध्येच थांबते तेव्हा वाजणारी निवेदने आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेली असतात. हाँटेड मॅन्शनमध्ये ही सूचनाही तो यजमानच देतो आणि खोडकर भुतांनी सहलीत व्यत्यय आणला आहे अशा आशयाचे बोलतो. आता विचार करा: पात्र भीती घालणारे आहे, बाहेर अंधार आहे, गाडीत लहान मूल आहे आणि खरोखरच काहीतरी बिघडले आहे. पात्राला धक्का न लावता त्याच आवाजाने लोकांना शांत बसवायचे आहे. आपल्या पाहुण्यांनी असे निवेदन केले असेल, तर त्या क्षणी आवाजातील भीती किती कमी केली, की मुळीच केली नाही, हे जरूर विचारा. माझ्या मते या एका उत्तरासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवावीत.

आवाज काढून दाखवण्याची विनंती करू नये. ती पात्रे कंपनीच्या मालकीची असतात आणि कराराने त्यांचे हात बांधलेले असू शकतात. नकार देण्याची वेळ आपण पाहुण्यांवर का आणावी? त्यांना वाटलेच तर ते स्वतःहून करतील.

ध्वनिमिश्रक_पुणे

मी मूळचा सोलापूरचा असून सध्या पुण्यात डबिंग आणि ध्वनिमिश्रणाचे काम करतो. सर्वप्रथम एक दुरुस्ती. सतरावा प्रश्न कृपया काढून टाका. तो तुटलेला अर्धपुतळा वॉल्ट डिस्ने यांचा नाही. तो थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट या खर्जातील गायकाचा आहे. चेहऱ्यातील साम्यामुळे हा गैरसमज फार वर्षांपासून चालत आला आहे. रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी टिकी रूममधील फ्रिट्झ या पोपटालाही आवाज दिला होता आणि न्याहारीच्या तृणधान्याच्या जाहिरातीतील टोनी वाघ म्हणून त्यांचा आवाज अमेरिकेत घरोघरी पोहोचला होता. ज्या माणसाने या क्षेत्रात आयुष्य घालवले, त्याच्यासमोर ही चूक झाली तर तो सौजन्याने ती दुरुस्त करील, पण त्यानंतरची उत्तरे आखडती येतील.

आता कामाचे. डबिंगमध्ये पडद्यावरचे ओठ आधी हललेले असतात आणि आमचा कलाकार त्यांच्या मागे धावतो. यांत्रिक बाहुल्यांच्या बाबतीत क्रम उलटा असतो: आवाज आधी ध्वनिमुद्रित होतो आणि जबडा, मान, पापण्या यांच्या हालचाली त्यावर बेतल्या जातात. म्हणजे कलाकाराने एखाद्या शब्दावर किंचित जास्त रेंगाळायचे ठरवले, तर एक यंत्र पुढची कित्येक वर्षे त्या शब्दावर रेंगाळणार. तेव्हा ‘समोर बाहुली नसताना, बहुधा केवळ चित्र किंवा नमुना पाहून, शरीराची कल्पना कशी केलीत?’ हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्याला जोडून, तयार झालेली बाहुली प्रथम पाहिली तेव्हा स्वतःची कोणती लकब तिच्यात सापडली, हेही विचारा.

वेळेचे गणितही विसरू नका. चित्रपटात संवाद लांबला तर संकलक मार्ग काढतो. राइडमध्ये गाडी ठरलेल्या वेगाने पुढच्या दालनात जाणारच. हाँटेड मॅन्शनमध्ये गाड्यांची अखंड साखळी फिरत असते आणि निवेदन गाडीतच बसवलेल्या ध्वनिक्षेपकांतून कानाजवळ येते. त्यामुळे तो यजमान ओरडत नाही, कुजबुजल्यासारखा बोलू शकतो. याउलट ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या समुद्री चाच्यांच्या नौकाविहारात पाण्याचा आवाज, तोफा, गाणे आणि शेजारच्या दृश्यातील संवाद एकमेकांत मिसळतात. तेथे आवाजाची फेक वेगळी लागते. आपल्या पाहुण्यांना विचारा, की ध्वनिमुद्रणापूर्वी त्यांना ही माहिती मिळत असे का: ध्वनिक्षेपक किती अंतरावर आहे, आजूबाजूला कोणता गलका आहे, ऐकणारा बसलेला आहे की रांगेत उभा. मला स्वतःला या उत्तराची अत्यंत उत्सुकता आहे, कारण आमच्याकडे ही माहिती कलाकाराला फारच क्वचित दिली जाते आणि मग मिश्रणाच्या वेळी आम्ही धडपडत बसतो.

आवाजाच्या नकलेविषयी: जरूर विचारा, ते अनुचित नाही. हाँटेड मॅन्शनला 2001 पासून दरवर्षी सणासुदीच्या हंगामात नवे रूप दिले जाते आणि त्यातील यजमानाचे निवेदन कोरी बर्टन यांनी फ्रीस यांच्या आवाजाच्या धाटणीत केले. म्हणजे हे काम उघडपणे, सन्मानाने होते. फक्त ‘नक्कल’ हा शब्द टाळा. मूळ कलाकाराने कधीच न उच्चारलेला शब्द त्याच्या आवाजात उच्चारताना निर्णय कशाच्या आधारे घेतलात, असे विचारा. संगणकाने तयार केलेल्या आवाजांचा विषय याच उत्तराच्या मागोमाग, त्यांनीच वाट दाखवली तर काढावा. तो आधी काढला तर उरलेला तास त्यातच जाईल.

पुस्तक_आणि_माईक (अक्कलकोट रस्ता)

केवळ एक व्यावहारिक मुद्दा मांडतो. हिवाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. आपण सोयीसाठी रात्री साडेनऊची वेळ ठरवली असेल, तर तेथे सकाळचे आठ वाजलेले असतील आणि वयस्कर माणसाचा घसा त्या वेळी मोकळा झालेला नसतो. आपण सकाळी साडेसहाला बसलात, तर तेथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे पाच वाजलेले असतील आणि आपल्याकडेही रस्त्यावर गलका नसेल. प्रश्न जसेच्या तसे आधी पाठवू नयेत, विषय मात्र पाठवावेत, म्हणजे गोपनीयतेमुळे कशावर बोलता येणार नाही हे ते आधीच कळवू शकतील.

स्वरवेध (जुळे सोलापूर)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सतराव्या प्रश्नाबद्दल तर विशेष, कारण तो मी एका ठिकाणी वाचून खात्री न करता लिहिला होता. वेळ बदलण्याची विनंती त्यांना केली आणि ती त्यांनी तत्काळ मान्य केली.

आता 42 पैकी नऊच प्रश्न ठेवले आहेत. पहिला प्रश्न राइड थांबल्यावरच्या निवेदनाचा आहे. त्यांनी असे एक निवेदन केल्याचे त्यांच्याच पत्रातून कळले. ते सुमारे बारा सेकंदांचे आहे. दुसरा, ते ध्वनिमुद्रित करताना ऐकणारा कोठे आणि कसा बसला आहे याविषयी त्यांना काय सांगितले गेले होते. तिसरा, ते निवेदन स्वतः राइडमध्ये अडकून ऐकण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला का. क्षेत्रात कसे आलात हा प्रश्न शेवटून दुसरा ठेवला आहे. वेळ उरला तरच विचारीन.

उद्घोषक काका, एक विनंती आहे. त्या बारा सेकंदांच्या निवेदनाचे मराठी रूपांतर आपण आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून द्याल का? आमच्या दोघींच्याही आवाजाला ते वजन येत नाही.

निवृत्त_उद्घोषक (सोलापूर)

आनंदाने देईन. मात्र मराठी मजकूर पाठवण्याआधी त्यांचे मूळ ध्वनिमुद्रण ऐकवण्याची परवानगी त्यांच्याकडून मिळवा. त्यांनी श्वास कोठे घेतला आहे ते ऐकल्याशिवाय मला वाक्य तोडता येणार नाही, आणि मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे ‘बसून राहा’ हे शब्द बाराव्या सेकंदाला ऐकू येतील. घाबरलेल्या माणसासाठी तो फार उशीर आहे. मजकूर आपण दोघे बसून बदलू. रविवारी सकाळी घरी या.