सुपरहिरो बड्डे पार्टी: व्हिलन हवाच का?

निळी_छत्री:
पोरगा ५ चा होतोय आणि सुपरहिरो पार्टी पाहिजे म्हणून हटून बसलाय. येणारी मुलं ४ ते ६ वयाची, मोजून दहा-बारा. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे भांडायला बरं. व्हिलन नको, मारामारी नको, तलवारी बंदुका तर अजिबात नकोत. रेडिमेड ड्रेसही नकोत, प्रत्येकाला एक साधी कोरी केप आणि कापडावर चालणारे मार्कर द्यायचे, आपला हिरो आपणच बनवायचा, नाव काय, शक्ती काय, छातीवर चित्र काय. मग मिशन. पॅसेजमध्ये क्रेप पेपरच्या पट्ट्या आडव्यातिडव्या चिकटवायच्या, ते लेझर, त्यांना न लागता पलीकडे जायचं आणि अडकलेली टेडी-भालू मंडळी सोडवून आणायची. नवऱ्याचं म्हणणं, व्हिलनच नसेल तर हिरोला काम काय? मला हे पटत नाही. बोला.

खडूस_बाबा:
एकच प्रश्न. पोराने नक्की काय मागितलं होतं?

निळी_छत्री:
स्पायडरमॅन. पण दोन महिन्यांपूर्वी डायनासोर होता हो, ह्या वयात कशाचं काय.

खडूस_बाबा:
झालं तर मग! स्पायडरमॅनला केपच नसते. तुम्ही हौसेने केपा शिवणार आणि ५ वर्षांचं कार्टं सगळ्यांसमोर तुम्हाला हे ऐकवणार, लिहून घ्या. त्याने मागितला स्पायडरमॅन आणि त्याला मिळणार कार्यानुभवाचा तास. बड्डे त्याचा आहे का तुमच्या विचारांचा? आणि व्हिलन नको म्हणजे काय, मुलांच्या खेळात चोर-पोलीस कायमचे आहेत, आपण काय चोराला नुसता समज देऊन सोडत होतो का?

तिरकी_रेघ:
निळी_छत्रीला माझा फुल्ल पाठिंबा. नुसतं वाटतं म्हणून नाही, २०१७ साली अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या लोकांनी नर्सरीच्या वयाच्या २४० मुलांबद्दलचा अभ्यास छापलाय. सुपरहिरोंमध्ये जास्त रमणारी मुलं वर्षभराने जास्त आक्रमक असल्याचं त्यात दिसलं. आता कोणी म्हणेल की दुबळ्याची बाजू घ्यायला तरी शिकत असतील, तर तेही नाही, त्याबाबतीत काही फरक दिसला नाही. एवढ्याशा पोरांना हिरो का लढतोय ते कळत नाही, ढिशूम तेवढं कळतं.

पाढे_पाठ:
थांबा थांबा. त्या अभ्यासात मुलं कशी वागतात ते आईवडिलांनी सांगितलंय, कोणी वर्षभर मुलांच्या मागे वही घेऊन फिरलं नाहीये. शिवाय मुळातच दांडगट असलेलं पोर सुपरहिरोकडे जास्त ओढलं जात असेल, हेही होऊ शकतं ना. आणि साल सांगताच आहात तर त्याच २०१७ चा दुसरा अभ्यास घ्या. ४ आणि ६ वर्षांच्या १८० मुलांना १० मिनिटं एक कंटाळवाणं काम दिलं, शेजारी टॅबलेटवर गेम उघडा, पाहिजे तेव्हा काम सोडून खेळायची मुभा. काहींना सांगितलं की तू बॅटमॅन आहेस असं समज आणि मधूनमधून स्वतःला विचार, बॅटमॅन नीट काम करतोय का? तसा वेषही दिला. सगळ्यात जास्त वेळ कामाला चिकटून बसली ती हीच मुलं. म्हणजे दुसऱ्याची केप अंगावर घेण्यात काहीतरी आहे, नुसतं ढिशूम नाही.

तिरकी_रेघ:
अर्धंच सांगितलंत. त्यात मुलांना बॅटमॅनशिवाय डोरा, रॅपन्झेल, बॉब द बिल्डर ही कार्टूनमधली पात्रंही पर्याय म्हणून होती. बॉब द बिल्डर कधी कोणाला ठोसा मारताना पाहिलाय? काम होतं ते दुसरं कोणीतरी बनण्यानं, मारामारीनं नाही. उलट माझाच मुद्दा पक्का झाला.

पाढे_पाठ:
बरं, हे मान्य. पण मग ‘रेडिमेड नको’ हा मुद्दा गेला की. ते सगळे ओळखीचे हिरो होते, मुलाने घरी बसून शोधलेले नव्हते.

दोन_वेण्या:
तुमचं चालू द्या, मधेच एक. प्लीज मुलींसाठी वेगळं गुलाबी काही ठेवू नका. एका पार्टीत माझ्या लेकीच्या हातात न विचारता मुकुट दिला आणि मुलांना मास्क. तिने तो मुकुट हातात चक्रासारखा धरून सगळ्यांवर फेकला, छानच वापर झाला. वंडर वुमन १९४१ पासून आहे म्हणावं. आणि कोऱ्या केपची आयडिया मला ह्याचसाठी आवडली, सगळ्यांना सारखीच.

मुखवट्यामागे:
मी पार्ट्यांमध्ये वेष करून जायचं काम करतो, म्हणून मारामारीपेक्षा वेगळंच सांगतो. स्पायडरमॅन १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी आणला तेव्हापासून त्याचं तोंड पूर्ण झाकलेलं आहे, डोळ्यांच्या जागी पांढरे डाग, ओठ दिसत नाहीत. मोठ्यांना भारी वाटतं, पण ३-४ वर्षांच्या मुलाला समोरचा हसतोय का चिडलाय हेच कळत नाही आणि घरी स्पायडरमॅन स्पायडरमॅन करणारं पोर मी दारात दिसलो की आईच्या पायाला विळखा घालतं. आईबाप काय करतात, त्याला उचलून माझ्याकडे देतात, फोटोसाठी! मग जे भोकाड सुरू होतं ते केक कापेपर्यंत. मी आता आत गेल्या गेल्या लांबच्या कोपऱ्यात जमिनीवर बसतो, कोणाला हाका मारत नाही, हाताने जाळं सोडायची खूण करतो आणि गप्प राहतो. एखादं धीट पोर आलं की त्याच्यामागून बाकीची येतात. एखाद्याला नसेल यायचं तर नाही. पोरांनाही तोंडभर मास्क देऊ नका, भोकातून बाजूचं दिसत नाही आणि पळताना धडकतात. फक्त डोळ्यांपुरती पट्टी, नाहीतर गालावर रंगाने जाळं काढा, तेही आधी हातावर थोडं लावून बघून.

खडूस_बाबा:
हे मात्र उपयोगाचं बोललात. पण व्हिलनचं काय ते सांगा.

मुखवट्यामागे:
व्हिलन ठेवा. फक्त तो लहान मुलाला करू नका, ह्या वयात ‘तू वाईट’ म्हटलं की ते खरंच मनाला लावून घेतात आणि बाकीची सगळी मिळून त्यालाच बडवतात. मोठं माणूस पाहिजे, तेही पळणारं नको, कारण पळणाऱ्याच्या मागे ढकलाढकली होते. खुर्चीवर बसवा, टेडी त्याने पळवलेत असं सांगा आणि त्याला जाळ्यात पकडायचं म्हणजे क्रेप पेपर गुंडाळायचा. छाती, हात, पाय. मान सोडून.

काळजीपोटी:
मानेवरून आठवलं, केपला नाडी नको!! वेल्क्रो लावा, ओढली की सुटली पाहिजे. आणि घसरगुंडी-झोपाळ्यावर जाताना केप काढूनच. अजून एक, रबरी फुगे. अमेरिकेत त्या पाकिटावर लिहिलेलंच असतं की न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा ८ वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो. त्यामुळे फुटला की तुकडे लगेच उचला. आणि मेणबत्त्या लावल्यावर तो फोम का स्नो स्प्रे मारतात ना तो नको, बरेचसे पेट घेणारे असतात, केपवाल्या पोरांनाही तेव्हा मागे उभं करा.

खडूस_बाबा:
म्हणजे व्हिलन आहे! जिंकलो. 😄

निळी_छत्री:
मारामारी कुठेय पण? बरं, खुर्चीवरचा व्हिलन मंजूर, नवऱ्यालाच बसवते, त्याचाच आग्रह होता. माझ्या मुलाला स्पायडरमॅनचा ड्रेस आणीन, त्याने मागितलाय तर त्याला मिळू दे. पण बाकीच्यांना ड्रेस घालून या असं कळवणार नाही, उगाच प्रत्येक घरात खर्च आणि शोधाशोध. कोऱ्या केप राहतील, घरीही त्याच नेतील, म्हणजे वेगळं रिटर्न गिफ्ट नको.

दोन_वेण्या:
आमंत्रणात ‘ड्रेस नको, केप इथेच मिळेल’ असं स्पष्ट लिहा हां, नाहीतर पाच स्पायडरमॅन येतात आणि खरा कोण यावरून जुंपते.

पाढे_पाठ:
आणि वेळ? दीड तासाच्या वर नेऊ नका.

तिरकी_रेघ:
दीड तास तर मार्करमध्येच जाईल. केपवरची बॉर्डर आधी तुम्ही काढून ठेवा आणि मिशनआधी मार्कर गोळा करा, भिंती वाचतील.