स्कॉटलंडमध्ये ट्रेनीशिप: पहिल्या सहा महिन्यांत नेमकं काय चुकतं?

रानजाई
वकिलीचा डिप्लोमा झाला आहे. पुढच्या महिन्यात फाइफमधल्या एका लहान ऑफिसात दोन वर्षांची ट्रेनीशिप (सॉलिसिटर, म्हणजे वकील होण्याआधीची उमेदवारी) सुरू होईल. मुख्य काम घरांच्या खरेदीविक्रीचं. एक भागीदार शेरीफ कोर्टात (स्थानिक न्यायालयात) लीगल एडची, म्हणजे सरकारी खर्चाने चालणारी, फौजदारी कामं बघतात. दुसऱ्या वर्षी दोन्हींतलं एक निवडायचं आहे. काय चुकतं आणि का, तेवढं सांगा. भारतातून आलेल्या अशिलांच्या फायलीत वेगळं काय बघायचं तेही हवं आहे. इंग्लंडची माहिती कृपया नको, कायदाच वेगळा आहे.

जुनी_सनद
सगळ्यात नाजूक काळ म्हणजे ताबा मिळाल्यापासून लँड रजिस्टरला (मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी नोंदवहीला) अर्ज जाईपर्यंतचा. पैसे गेले, किल्ल्या आल्या, पण मालकी अजून अशिलाच्या नावावर नाही. या काळात विकणाऱ्यावर जप्तीसारखा आदेश आला तर खरेदीदाराला आधार फक्त ॲडव्हान्स नोटिशीचा (हे खत येणार आहे अशी रजिस्टरमध्ये आधीच केलेली नोंद), आणि तो 35 दिवसांचाच. नोटीस विकणाऱ्याचा सॉलिसिटर लावतो, पण तपासायची आपण. ती ज्या डिस्पोझिशनसाठी (खरेदीखतासाठी) लावली, त्यातले पक्षकार तिच्याशी जुळले पाहिजेत. नोटिशीत एकट्या नवऱ्याचं नाव आणि खरेदीखतात नवराबायको दोघं, तर संरक्षण गेलंच म्हणून समजा.

रजिस्टरला अर्ज एकदाच जातो. त्रुटी निघाली की ते विचारत बसत नाहीत. अर्ज परत येतो आणि मिळालेली तारीख जाते. तोवर 35 दिवस उलटले असतील तर अशील उघड्यावर. अर्ज परत येण्याची कारणं अगदी साधी असतात. विकणाऱ्याची सही खताच्या शेवटी आहे, साक्षीदारही आहे, पण जोडलेल्या नकाशावर सही राहिली. नकाशाच्या प्रत्येक पानावर सही लागतेच. दुसरं कारण एलबीटीटीचं, म्हणजे घर घेताना भरायच्या कराचं. विवरणपत्राला कायद्याने 30 दिवस आहेत, म्हणून नवखे लोक ते मागे ठेवतात. पण विवरणपत्र जाऊन कराची सोय झाल्याशिवाय नोंदणी होत नाही. ताब्याच्या दिवशीच ते भरून टाका.

आणि शुक्रवार सांभाळा. बरेच ताबे शुक्रवारी असतात, म्हणून "आमचं खातं बदललं आहे" अशी खोटी ईमेलही शुक्रवारीच येते. फाइलमधल्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय क्लायंट अकाउंटमधून (अशिलांचे पैसे ठेवतो त्या खात्यातून) एक पेनीही हलवायची नाही. त्या ईमेलमधला नंबर तर मुळीच लावू नका.

टे_नदीकाठ
भारतीय अशिलांबद्दल तीन गोष्टी.

पहिली, पुण्यातला फ्लॅट. ADS हा आधीच दुसरं घर असलेल्यांना लागणारा जादा कर मोजताना जगातलं कुठलंही घर धरतात, किंमत 40,000 पाउंड किंवा जास्त असली की झालं. फ्लॅट बायकोच्या नावावर आणि इथलं घर नवऱ्याच्या, तरी जोडपं एकच धरलं जातं. हिशोब बघा. 2,80,000 पाउंडांच्या घरावर साधा एलबीटीटी 3,600. ADS पूर्ण किमतीच्या 8 टक्के, म्हणजे आणखी 22,400. "इथे हे आमचं पहिलंच घर" हे उत्तर पुरेसं नाही. ऑफर पाठवण्याआधी "भारतात तुमच्या किंवा जोडीदाराच्या नावावर काही आहे का, वडिलोपार्जित हिस्सा धरून?" असं स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तो फ्लॅट आधीचं राहतं घर असेल आणि मुदतीत विकला जाणार असेल तर परताव्याची वाट असते, पण आधी कर भरावाच लागतो.

दुसरी, पैसा कुठून आला. वडील, काका, आत्या अशी तिघांकडून रक्कम येते. प्रत्येकाचं ओळखपत्र, बँकेचे उतारे आणि परत मागणार नाही असं पत्र लागतं. कर्ज देणाऱ्या बँकेलाही कळवावं लागतं. भारतातून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि बँकेचे कागद व्हायला वेळ लागतो. ताब्याची तारीख ठरवण्याआधी हे सुरू करा.

तिसरी, नावं. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, मॉर्गेजच्या पत्रात नाही, तर खतापर्यंत तीन रूपं होतात. पहिल्या दिवशीच एक रूप ठरवा.

रानजाई
ताबा लांबला आणि 35 दिवस संपत आले तर?

जुनी_सनद
नवी नोटीस लावायला सांगा, पण ती जुनीला पुढे ओढत नाही. तिचं संरक्षण तिच्या स्वतःच्या तारखेपासून. म्हणून सर्च (रजिस्टरमधल्या नोंदींची तपासणी) पुन्हा मागवा.

मुक्काम_पेस्ली
फौजदारीबद्दल. समरी खटल्यात (ज्युरीशिवाय चालणाऱ्या) वकिलाला मिळणारी लीगल एडची रक्कम 1999 पासून ठरीव आहे, आणि खटल्याची पहिली तीस मिनिटंही त्यातच. साक्षीदार आला नाही म्हणून तारीख पुढे गेली की सकाळ फुकट जाते. 2022 मध्ये वकिलांनी घरगुती हिंसेच्या खटल्यांवर बहिष्कार टाकला तो याच मोबदल्यापायी. तरुण मुलं शिकून तयार होतात आणि सरकारी वकिलीत जातात, पगार आणि पेन्शन दोन्ही मिळतं म्हणून. त्यांना दोष देता येत नाही, पण मागे राहणाऱ्यांवरचा बोजा वाढतो याचं मनापासून वाईट वाटतं.

कामातली खरी अडचण सल्ल्याच्या वेळेची. गुन्हा लवकर कबूल केला तर शिक्षेत एक तृतीयांशापर्यंत सूट मिळू शकते, पण त्या वेळी सरकारी पुरावा हातात पूर्ण नसतो. दुजोरा देणारा दुसरा स्वतंत्र पुरावा कुठला, हे कळल्याशिवाय कबुलीचा सल्ला देऊ नका. काय बघितलं, काय बघायचं राहिलं आणि अशील काय म्हणाला, हे त्याच दिवशी तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. 2025 च्या कायद्याने "नॉट प्रूव्हन" ("सिद्ध झालं नाही") हा तिसरा निकाल काढून टाकला आणि दोषी ठरवायला पंधरापैकी दहा ज्युरर लागतील असं केलं. जुन्या नोट्स वापरत असाल तर टाकून द्या.

निवड करण्याआधी एवढंच विचारा: दर तीन महिन्यांचा आढावा प्रत्यक्षात कोण घेतं, आणि ट्रेनीला कराव्या लागणाऱ्या 60 तासांच्या प्रशिक्षणाला कामातून वेळ सुटतो का. ज्या भागीदाराकडे तुमचं पत्र बाहेर जाण्याआधी वाचायला वेळ आहे, त्याच्याकडे जा.