चावी खिशात, इंजिन चालूच
चावी खिशात ठेवूनच बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांची चोरी टाळायला घरी चावी स्टीलच्या डब्यात ठेवा, असं तुम्ही लिहिलंत; तो उपाय चोरीपुरता बरोबर आहे. एक चोर घराच्या दाराशी, दुसरा गाडीशी; यंत्राने चावीचा सिग्नल लांबवला की गाडीला वाटतं मालक जवळच आहे. मला मात्र जास्त धास्ती वेगळीच. गेल्या महिन्यात बाबा चावी खिशात टाकून वर आले, हायब्रिड (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी) गाडी खाली चालूच! बॅटरीवर असताना आवाजच नाही, कळणार कसं? आमचं पार्किंग उघडं, म्हणून निभावलं. अमेरिकेत घराला लागून बंद गॅरेज असतं. तिथे अशा चालू राहिलेल्या गाड्यांच्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेतच गेली आहेत; त्या वायूला वासही नसतो. इंजिन आपोआप बंद व्हावं असा नियम करायला तिथल्या २०२१च्या कायद्याने सांगितलंय. बाबांना मी आता डॅशबोर्ड विझलेला बघूनच उतरायला लावतो.