किंग यांच्या जयंतीला श्रमदान: हा आदर पुरेसा आहे का?

माणिक, न्यू जर्सी:
जानेवारीचा तिसरा सोमवार जवळ आला, मुलीच्या शाळेतून यादी आली: फूड बँकेत डबे लावा, बाग साफ करा. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची ही सुट्टी १९९४ च्या कायद्याने सेवेचा दिवस झाली. मला हे खटकतं. १ फेब्रुवारी १९६८ ला मेम्फिसमध्ये पावसापासून आडोसा घेतलेले दोन सफाई कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, कचरागाडीच्या यंत्रात चिरडून मेले. सुमारे १३०० कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ अशा पाट्या घेऊन ते रस्त्यावर चालले. किंग त्यांच्या पगारासाठी, युनियनसाठी तिथे गेले आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांची हत्या झाली. त्यांच्या नावाने आपण हातमोजे घालून कचरा उचलतो, पण रोज तो उचलणाऱ्याच्या पगाराबद्दल चकार शब्द काढत नाही.

अटलांटाकर:
हा कायदा आणणाऱ्यांत किंग यांचे आंदोलनातले सहकारी, खासदार जॉन लुईस होते. १९६५ मध्ये मतदानाच्या हक्कासाठीच्या मोर्चात सेल्माच्या पुलावर पोलिसांनी त्यांचं डोकं फोडलं होतं. ते किंग यांना मवाळ करतील? शिवाय किंग यांनीच फेब्रुवारी १९६८ च्या प्रवचनात सांगितलं होतं, थोर कोणीही होऊ शकतो, कारण सेवा कोणालाही करता येते. बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध मॉन्टगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी बस सोडून पायी चालणं पत्करलं, तो बहिष्कार ३८१ दिवस टिकला तो नुसत्या भाषणांवर नाही. जॉर्जिया गिलमोर यांची नोकरी गेली, तरी त्या घरी जेवण रांधून विकत राहिल्या आणि पैसे आंदोलनाला देत राहिल्या. स्वयंपाकघरातली ही सेवा नसती तर लोक इतके दिवस चालले असते?

माणिक, न्यू जर्सी:
त्यांचे पैसे बहिष्कार टिकवायला गेले, हाच माझा मुद्दा. आमचे डबे कोणत्या लढ्याला जातात?

सुलभा_ताई:
माणिक, तुमचा राग समजतो, पण मी त्या रांगेत उभी राहिले आहे. नोकरी गेली तेव्हा फूड बँकेतून तांदूळ-डाळ आणत होते. डबे लावणाऱ्या बाईंनी नाव विचारलं आणि पुढच्या वेळी नावाने हाक मारली. कायदा बदलेपर्यंत पोट थांबत नाही हो.

नागसेन:
ताईंचं खरं आहे. तरीही माणिक यांच्या बाजूने एक सांगतो. आमच्याकडे बाबासाहेबांच्या जयंतीला सलग अठरा तास अभ्यास करायची प्रथा आहे. ती त्यांच्या आयुष्यातूनच निघाली, म्हणून पोरं रात्रभर जागतात. किंग यांच्या दिवशी मतदार नोंदणी करा, भाडेकरूंना त्यांचे हक्क समजावून सांगा. तीही सेवाच. बागेला वर्षभर माळी मिळतील.

अटलांटाकर:
मतदार नोंदणी मान्य. पण दहा वर्षांच्या मुलांना डबे लावू द्या. त्यांना आधी माणसं भेटू देत.

माणिक, न्यू जर्सी:
सुलभाताई, सोमवारी लेकीला घेऊन डबे लावायला येते. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता टाउन हॉलमध्ये आमच्या गावच्या सफाई कंत्राटावर सुनावणी आहे. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. जवळपास राहणारं कोणी येतंय का?