मदत हवी आहे: हल्ल्यातून वाचलेल्या शेजाऱ्यांना पीटीएसडीचा (आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासाचा) धोका आहे का?

नमस्कार. आम्ही अमेरिकेत मिलवॉकीला राहतो. खालच्या मजल्यावर एक ब्लॅक गृहस्थ राहतात, पन्नाशी उलटलेले, सिटी बस चालवतात. माझ्या बाळंतपणात आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या बहिणीने आमचं घर सांभाळलं होतं.

१९ दिवसांपूर्वी पेट्रोल पंपावर त्यांना मारहाण करून लुटलं. बरगड्या मोडल्या. दोन रात्री हॉस्पिटलात ठेवून, दुखण्याच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. मनाचं कुणी विचारलं नाही.

आता ते पलंगावर झोपतच नाहीत. दाराकडे तोंड करून खुर्चीत बसून असतात. मार बसत असताना आपण लांबून दुसऱ्याच कुणाला पाहतोय असं वाटत होतं, असं बहिणीला म्हणाले. पण पुन्हा पुन्हा बोलतात ते वेगळंच. स्ट्रेचरवर असताना त्यांना विचारलं गेलं, "कुठल्या गँगचा तू?" २४ वर्षं बस चालवलेल्या माणसाला! बरगड्यांपेक्षा तेच जास्त लागलंय त्यांना.

वाचून कळलं ते असं: महिनाभर लक्षणं टिकल्याशिवाय पीटीएसडी म्हणत नाहीत. पण धोका आधीच दिसू शकतो. अपघातापेक्षा मारहाणीनंतर तो जास्त. शिवाय आधीचे आघात, प्रसंगाच्या वेळचं ते तुटलेपण, उडालेली झोप, न थांबणारं दुखणं, आणि वर्णभेदाचे अनुभवसुद्धा. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत आयुष्यात कधीतरी पीटीएसडी झालेले ब्लॅक लोक ८.७ टक्के होते, गोरे ७.४ टक्के. उपचारापर्यंत पोचणारे मात्र ब्लॅक लोकांत कमी.

इथे कुणी मानसोपचारात काम करत असेल तर सांगा. पीसीएल-५ ही पीटीएसडीची लक्षणं तपासणारी २० प्रश्नांची चाचणी आत्ताच मागून घ्यावी, की महिना होऊ द्यावा? माझा भाऊ म्हणतो, एकदा सगळं बोलून मोकळं होऊ दे. पण लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेतल्याने पीटीएसडी टळत नाही असं वाचलंय, म्हणून मी विषय काढत नाही, नुसती चहा घेऊन बसते. हे बरोबर आहे का? आणि त्या गँगच्या प्रश्नाबद्दल डॉक्टरांना सांगावं का? बहीण म्हणते, गोऱ्या डॉक्टरसमोर तो तोंड उघडणार नाही. ब्लॅक थेरपिस्ट शोधायचा तर सुरुवात कुठून करतात?

मंगळवारी बरगड्या दाखवायला जायचंय, मीही बरोबर जाणार आहे. त्याआधी कुणी लिहिलं तर फार बरं होईल.