मदत हवी आहे: पायातून न निसटणारी चप्पल पुण्यात कुठे मिळेल?

घाईत_कोथरूड
पायातून निसटणार नाही अशी मऊ चप्पल किंवा सँडल पुण्यात कुठे मिळेल? दोन महिन्यांत तीन जोड झाले. पहिला अंगठ्याचा रबरी, दुसरा नुसता आडवा पट्टा असलेला, तिसरा म्हणे 'ऑर्थो', साडेनऊशेचा. तिन्ही निसटतात. काल तर कर्वे रोड ओलांडताना एक चप्पल भर रस्त्यात मागे राहिली आणि सिग्नल सुटला. बूट नकोत. दुकान आणि चप्पलचं नाव द्या, शनिवारपर्यंत घ्यायची आहे. 'पायाला बसेल ती घ्या' असली उत्तरं नकोत, प्लीज.

टेकडीवाला
साईज? बजेट? पावसात वापरणार का?

पायताण
भावा, कोल्हापुरी घे आणि विषय संपव. रात्रभर तेल पाजायचं, मी एरंडेल लावतो. पहिले चार दिवस घरातल्या घरात अर्धा-अर्धा तास घालायची. चावते म्हणून बोंब मारणारे सगळे पहिल्याच दिवशी लग्नाला घालून जाणारे असतात. एकदा पायाचा साचा बसला की कातडं पाय सोडत नाही. फक्त पावसात घालायची नाही.

टेकडीवाला
पुण्यात जून ते सप्टेंबर मग काय अनवाणी फिरायचं? @घाईत_कोथरूड दादा, डेकॅथलॉनला जा, ट्रेकचे सँडल घ्या. पुढे, घोट्याला आणि मागे असे पट्टे असतात. मी सिंहगड चढून-उतरून आलोय, इंचभर हलत नाहीत.

घाईत_कोथरूड
दादा नाही, ताई. साईज सात. बजेट दीड हजार. सिंहगड नाही चढायचाय, भाजी आणायला जायचंय. वाघोलीपर्यंत जाण्यात तर अख्खा दिवस जाईल.

शुद्धलेखन_सेवक
'चप्पलचं नाव' नव्हे, 'चपलेचं नाव'. अनेकवचन 'चपला'. मुखपृष्ठावर धागा दिसतोय म्हणून सांगितलं, राग नसावा.

घाईत_कोथरूड
चपलेचं. चपलेचं. चपलेचं. आता दुकान सांगा.

माजी_काउंटरवाला
कॅम्पात अकरा वर्षं चपलांच्या काउंटरला उभा होतो, म्हणून बोलतो. सात म्हणजे लेडीज सात की जेंट्स सात? आणि कोणत्या कंपनीचा? एकीचा सात दुसरीचा सहा असतो. नंबर विसरा. कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची रेघ मारून घ्या आणि टाचेपासून लांब बोटापर्यंत सेंटीमीटर मोजा. दोन पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरायचं. हे सगळं संध्याकाळी करायचं. दिवसभरात पाय सुजतो, सकाळी घेतलेली चप्पल संध्याकाळी रुतते. मग माणूस पुढच्या वेळी एक नंबर मोठा घेतो आणि ती निसटते. निम्मी गिऱ्हाइकं मी याच चक्रात पाहिली.

दुसरं असं की अंगठ्याची चप्पल पट्ट्यावर टिकत नाही, बोटांवर टिकते. प्रत्येक पावलाला तुम्ही नकळत बोटं आवळून ती धरून ठेवता. आडव्या पट्ट्याचीही तीच तऱ्हा. धरायचं नसेल तर मागचा पट्टा हवाच, त्याला इलाज नाही.

एक विचारतो. टाच मागून बाहेर सरकते की पाऊल बाजूने घसरतं?

खडीसाखर
माळ्यावर ठेवलेले सँडल काढले तर सोलचा भुगा झालाय, हात लावला की शेवेसारखा पडतो. दोनदासुद्धा घातले नव्हते. असं का होतं?

माजी_काउंटरवाला
पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल असेल. हवेतल्या दमटपणाने तो आतून कुजतो, न वापरता ठेवला तरी. जपून ठेवायची वस्तूच नाही ती. ताई, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

पायताण
म्हणून म्हणतो कातडी घ्या. कोल्हापुरीला 2019 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. 2025 ला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये तसल्याच चपला रॅम्पवर आणल्या तेव्हा जगाला कळलं, आणि आमच्या पुण्याच्या लोकांना अजून सिंहगडाचे पट्टे पाहिजेत.

शुद्धलेखन_सेवक
जीआय महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. फक्त कोल्हापूरला नाही.

पायताण
नाव काय आहे चपलेचं? मग झालं तर.

टेकडीवाला
धागा भाजीच्या पिशवीसारखा झालाय. ताई, दोन्ही पायांतून निसटते की एकाच? आणि चढताना की सपाटीवर?

घाईत_कोथरूड
दोन्ही. सपाटीवरसुद्धा. टाच-बाजू मला कसं माहीत असणार, मी काय सारखी खाली बघत चालते का तिच्या पायाकडे?

टेकडीवाला
'तिच्या'?

घाईत_कोथरूड
आईच्या. लिहिलं नाही का मी? आई 68 वर्षांची आहे. साईज सात तिचीच. शनिवारी मामेबहिणीचं केळवण आहे, तिथे ही फाटकी चप्पल घालून नको असं ती म्हणतेय.

माजी_काउंटरवाला
दोन दिवस झाले ताई. आम्ही तुमचेच पाय मोजतोय.

खडीसाखर
68 म्हणजे क्रॉक्स घ्या, मागचा पट्टा खाली पाडला की टाचेला अडकतो. माझ्या सासूबाई घरातही काढत नाहीत. फक्त घाम फार येतो. वासावर उपाय विचाराल तर रात्री बेकिंग सोडा टाकून ठेवायचा.

अनवाणी_नको
सगळं वाचलं. चपलेआधी एकच विचारते. त्या दिवशी रस्त्यात चप्पल मागे राहिली, ते आईंना कसं कळलं? पाय जमिनीला लागला म्हणून, की कुणी सांगितलं म्हणून?

घाईत_कोथरूड
याचा काय संबंध? ती दुभाजकापर्यंत पोचली होती. मागून एक मुलगा ओरडला, 'आजी, चप्पल!' तेव्हा तिने खाली बघितलं. मी जाऊन आणली, तोवर सिग्नल सुटला होता.

अनवाणी_नको
संबंध आहे. आईंना शुगर आहे का?

घाईत_कोथरूड
आहे. चौदा वर्षं. गोळ्या चालू आहेत. मी चपलेबद्दल विचारलंय.

अनवाणी_नको
माझ्या वडिलांचं अगदी असंच झालं होतं. आम्हीही चपलाच बदलत बसलो. शुगर बरीच वर्षं असली की पायांच्या नसांवर परिणाम होऊन तळव्याची जाणीव जाते, हळूहळू आणि बहुतेक वेळा दोन्ही पायांची. चप्पल निसटली तरी कळत नाही, हे त्याचं अगदी नेहमीचं लक्षण. आमचे डॉक्टर तर पेशंटला पहिलं हेच विचारतात. वरचे काका म्हणतात ना, चप्पल बोटांनी धरलेली असते? ती आहे की गेली हेच पायाला कळत नसेल तर बोटं धरणार कशी.

बाबांनी चपलेत अडकलेला खडा घेऊन अख्खी संध्याकाळ फिरून काढली होती. रात्री मोजा ओला लागला म्हणून मी पाहिलं तर तळव्याला रुपयाएवढी जखम. दुखलं नाही म्हणाले. ती भरायला अडीच महिने गेले.

टेकडीवाला
आता घाबरवू नका हो त्यांना. वयामुळे चाल बदलते, पाय घासत चालतात म्हातारी माणसं. प्रत्येक निसटलेली चप्पल म्हणजे आजार नाही.

अनवाणी_नको
नाही म्हणूनच तपासायला सांगतेय. दहा मिनिटांचं काम आहे. नायलॉनच्या बारीक तारेने तळव्यावर ठिकठिकाणी टोचल्यासारखं करतात, डोळे मिटून 'लागलं' म्हणायचं. कंप देणारा चिमटा अंगठ्याच्या हाडाला लावतात. आईंच्या डॉक्टरांनी कधी पाय बघितलेत का?

घाईत_कोथरूड
रिपोर्ट बघतात. पाय नाही.
मागच्या चैत्रात देवळात प्रदक्षिणेनंतर तिच्या तळव्याला फोड आले होते. फरशी तापली होती, पण आम्हा सगळ्यांनाच चटके बसत होते आणि आम्ही पळत सुटलो. ती नेहमीच्या चालीने आली. आम्ही म्हटलं, श्रद्धा.

पायताण
ताई, मी कोल्हापुरीचं मागे घेतो. शुगरवाल्या पायाला कडक कातडं आणि अंगठा दोन्ही नको. माझ्या चुलत्यांना बंदच केलंय.

अनवाणी_नको
बरोबर. बोटांमधला पट्टा घासला तरी कळणार नाही. एमसीआर चप्पल विचारा, मऊ रबराचा आतला थर, खाली टणक सोल, कुठेही खिळा नाही, मागे पट्टा. कुष्ठरोगाच्या कामात पूर्वीपासून हीच वापरतात. मोठ्या हॉस्पिटलांजवळच्या सर्जिकल दुकानांत मिळते किंवा मापाने करून देतात. आम्हाला अकराशेला पडली. पण आधी पाय दाखवा, मग माप. आणि तोवर घरातसुद्धा अनवाणी नको. घालताना आत हात फिरवून बघायचा, रात्री तळवे आरशात बघायचे.

शुद्धलेखन_सेवक
माझ्या आईलाही शुगर आहे. आज घरी जाऊन तिचे पाय बघतो.

घाईत_कोथरूड
नऊ दिवसांनी लिहितेय. दाखवलं. डोळे मिटून ती गप्प पडून राहिली. डॉक्टर अंगठ्याखाली तार टेकवत होते आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आता म्हणेल 'लागलं', आता म्हणेल. टाचेवर आल्यावर म्हणाली. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, दर तीन महिन्यांनी पाय दाखवायचे. केळवणाला वेलक्रोचे साधे सँडल घालून नेली. एमसीआर काल मिळाली. 'ही हॉस्पिटलातली चप्पल, मी घालणार नाही' म्हणून एक दिवस रुसली होती, आज घालून खाली जाऊन आली. निसटली नाही.

आता नवीन अडचण. मागचा वेलक्रो तिला वाकून ओढता येत नाही. ती तो उघडाच ठेवते.

माजी_काउंटरवाला
चपला शिवणाऱ्याकडून वेलक्रोच्या टोकाला नाडीचा फास शिवून घ्या, वीतभर लांब. खुर्चीत बसून पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, फासात बोट घालून ओढायचं. तेही जमत नसेल तर फासात छत्रीची मूठ अडकवायची. शिवण बाहेरच्या अंगाला घ्यायला सांगा, आत गाठ येता कामा नये.

घाईत_कोथरूड
घेतला शिवून. तीस रुपये. छत्रीने ओढतेय.