वजन कमी करायचं ऑपरेशन: स्लीव्ह की बायपास?

वजन ११८ किलो, नऊ वर्षं मधुमेह, रात्री घशाशी आंबट येतं. डॉक्टर बायपास (हृदयाची नव्हे; जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात) सुचवतात, जाऊबाई म्हणतात स्लीव्ह सोपी. भाकरी कायमची सुटेल का?

— ताई, माझी स्लीव्ह झाली. जठराचा जवळजवळ पाऊण भाग काढतात, आतड्यांना हात लावत नाहीत. पण माझी जळजळ वाढली, अजून गोळी चालू आहे. तुम्हाला आधीच त्रास आहे, डॉक्टरांचंच ऐका. भाकरी सुटत नाही हो! आधी वरणाचं पाणी, ताक, मग मऊ खिचडी. दोन महिन्यांनी चतकोर ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, डोळे भरून आले. आता ताटात अंडं-पनीर आधी, भाकरी नंतर. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने.

— माझी बायपास. साखर आटोक्यात आली. होळीला अर्धी पुरणपोळी खाल्ली आणि घाम, धडधड. बी-१२, लोह, कॅल्शियम आयुष्यभर घ्यायचं, विसरू नका.